नक्षी आत, गिलावा बाहेर

थापीकाकू कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीकडे बघायची, मग माणसाकडे. माणसाकडेही साधारण त्याच नजरेनं बघायची. कुठे पोकळ वाजतंय का, कुठे पोपडा सुटायला आलाय का. हातात थापी धरून जन्म गेलेला, त्यामुळे खरं नाव गल्लीतले लोक कधीच विसरून गेले होते. तिला स्वतःलाही ते बँकेतच आठवायचं.

संशय हा तिचा जोडधंदा होता म्हणा ना. वीजमीटर बघायला येणारा माणूस बदलला की ती त्याला दारात उभा करून जुना कुठे गेला, त्याला काय झालं, तुला कुणी पाठवलं, घरी कोण कोण असतं, असं सगळं विचारायची. तोवर तो बिचारा मीटरचा आकडा विसरायचा. कुणी जास्त गोड बोललं तरी तिला खटकायचं आणि कमी बोललं तरी खटकायचं. पाणी मागायला थांबलेला वाटसरू पाणी पिताना भिंतीला टेकला, तर काकू म्हणायची, "टेकू नका, ओली आहे." भिंत दहा वर्षांची कोरडी खडखडीत असली तरी.

हसू नका. या बाईच्या संशयाला कारण होतं आणि ते कारण शहराच्या ऐन मध्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, रिकामं पडलेलं होतं.

तिथे एके काळी राजवाडा होता. आता नुसतं मैदान. सरकारी पाटीवर त्याचं नाव लोकमैदान. म्हातारी माणसं मात्र अजून "वाड्यावरून जाऊन येतो" असं म्हणतात आणि म्हटल्यावर इकडेतिकडे बघतात. राजवाडा काही फार देखणा नव्हता म्हणे. शेजारच्या राजांचे वाडे याहून मोठे, याहून झगमगीत. पण या वाड्याला समोर एक सज्जा होता आणि सगळं राजकारण त्या सज्ज्यात होतं. इथल्या राजाला मुकुट नव्हता, सिंहासन नव्हतं. नवा राजा सज्ज्यात येऊन उभा राहायचा, खाली माणसं जमायची, त्यांनी त्याला बघितलं की तो राजा. इतकं सोपं. एकदा तर एका राजाचा चुलतभाऊ, राजा शिकारीला गेलेला बघून, सकाळी सज्ज्यात जाऊन उभा राहिला. दुपारी राजा परत आला आणि त्यानं त्याला कान धरून खाली उतरवला. पण अर्ध्या दिवसाचा का होईना, राजांच्या मोजणीत तो आजही धरला जातो. लोकांनी बघितला होता ना.

पुढे राजे गेले, लोकांचं सरकार आलं. सरकारातली माणसं हुशार. फौज ताब्यात होती, खजिना ताब्यात होता, शेवटचा राजा परदेशात दम्यानं बेजार होता. तरी त्यांना झोप लागेना. सज्जा उभा आहे तोवर कुणी ना कुणी त्यात चढणार, आणि खाली माणसं जमली की संपलं. म्हणून हुकूम निघाला, वाडा पाडा. नुसता पाडायचा नाही, एकेक चिरा उचलून लांब खाणीच्या खड्ड्यात नेऊन टाकायचा. दोन दगडसुद्धा एकावर एक राहता कामा नयेत. हुकूम काढणाऱ्यांना दगडांची इतकी भीती होती.

पाडायचं काम मिळालं ते मैदानामागच्या गवंड्यांना. त्यांची घरं तेव्हा कुडाची. आता तुम्हीच सांगा, जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्या माणसाला सांगितलं, हा घडीव चिरा खड्ड्यात टाक, तर त्याचा हात होईल का? गाड्या भरून निघायच्या, खड्ड्याकडे जायच्या, पण निम्म्या गाड्या वाटेत हलक्या व्हायच्या. वर्षाभरात वाडा नाहीसा झाला आणि मागे दगडी घरांची एक गल्ली उभी राहिली. ती हीच गवंड्यांची गल्ली.

पण घडीव दगडावर नक्षी होती, आणि नक्षी बोलते. म्हणून त्या गवंड्यांनी एक रीत काढली. मागच्या भिंती दुपदरी बांधायच्या, नक्षीची बाजू आत, दोन पदरांच्या मध्ये, आणि सपाट पाठ बाहेर. वर दोन बोटं जाड गिलावा. नक्षी आत, गिलावा बाहेर. काकूच्या सासऱ्यांनी हे तिला सांगितलं तेव्हा तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. त्यांनी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "यात सज्ज्याचा कठडा आहे. मी स्वतः लावलाय. आता तुला माहीत झालं, म्हणजे तू या घरची झालीस." हे ऐकून काकूला आनंद व्हायला हवा होता. तिला आधी राग आला, की इतके दिवस मग मी कुणाच्या घरची होते? पण तो राग तिनं गिळला, आणि गिळलेला राग पचला की त्याचा नियम होतो, तसं काहीसं झालं.

गल्लीचे नियम सगळ्यांना पाठ होते. बाहेरचा गवंडी घरात घ्यायचा नाही. मागच्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही. तिच्यावर आतून पोपडा सुटला तर त्याच दिवशी बुजवायचा. बाहेरून लग्न होऊन आलेल्या मुलीला, तिची पारख झाल्याशिवाय, काही सांगायचं नाही. आणि हे सगळं उगाच नव्हतं. सासऱ्यांच्या एका सोबत्याकडे वाड्याच्या दाराची एक कडी सापडली होती, नुसती कडी. त्याला राजाचा माणूस ठरवून आत टाकला. बाहेर आला तेव्हा तो कुणाशी बोलेना. त्याची नातवंडं अजून गल्लीत राहतात आणि अजून कमी बोलतात.

थापी काकूच्या हातात आली ती नवरा गेल्यावर. सासऱ्यांनी शिकवलं, ती शिकली, आणि सासऱ्यांमागे गल्लीतल्या मागच्या भिंती तिच्याच झाल्या. कोणत्या घरात काय दडलंय हे तिला माहीत. एकुलता मुलगा बोटीवर मेकॅनिक. तो घरी असायचा त्याच्या कितीतरी पट समुद्रावर. घरात उरल्या दोघी, काकू आणि सून.

सून शाळेत शिकवायची. गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची. पोरगी स्वच्छ, बोलकी, कामाला वाघ. काकूच्या संशयात न बसणारी. म्हणूनच काकूला तिचा जास्त संशय. सुनेला पुस्तकांसाठी एक फळी हवी होती. आल्या वर्षी तिनं ती मागच्या भिंतीवर लावू का म्हणून विचारलं. काकू म्हणाली, भिंत कच्ची आहे. पुढल्या वर्षी म्हणाली, त्या भिंतीला वाळवी आहे. दगडाला वाळवी कशी लागते हे सुनेनं विचारलं नाही. तिनं पुस्तकं पलंगाखाली ठेवली आणि मुकाट राहिली. सहा वर्षं झाली, सासऱ्यांनी जे सांगितलं ते काकूनं सुनेला सांगितलं नव्हतं. सांगू, पुढल्या वर्षी सांगू, असं चाललं होतं.

आणि मग निवडणूक झाली. नवा प्रमुख निवडून आला, पण कसाबसा. निम्म्या देशाचं म्हणणं, हा आलाच नाही. आता अशा माणसानं काय करावं? त्याला कुणीतरी सज्ज्याची आठवण करून दिली. झालं. ज्या वाड्याचं नाव काढलं की माणसं आत जायची, तो वाडा एकदम देशाचा अभिमान झाला. वाडा पुन्हा बांधायचा, निदान दर्शनी भाग तरी, आणि प्रमुख सज्ज्यात उभे राहून शपथ घेणार. पण नव्या दगडाच्या सज्ज्याला कोण विचारतो? तसला सज्जा कुणीही सिनेमावाला उभा करेल. दगड मूळचा हवा. म्हणून जाहीर झालं, ज्यांच्याकडे वाड्याचे दगड असतील त्यांनी आपण होऊन द्यावेत, त्यांचा सत्कार होईल. जे लपवतील ते देशाचे चोर.

गल्लीला सत्कार ऐकू आला नाही. चोर तेवढं ऐकू आलं.

त्याच आठवड्यात सुनेनं वर्गातल्या मुलांना सांगितलं, घरच्या म्हाताऱ्या माणसांना राजवाड्याबद्दल विचारून या आणि वाड्याचं चित्र काढून आणा. वरून आदेश होता, सगळ्याच शाळांत चालू होतं. पण गल्लीतली पोरं घरोघरी जाऊन आज्यांना विचारायला लागली, "सज्जा कसा होता गं?" आणि आज्यांच्या हातातली भांडी निसटली. मुकादम काठी टेकत काकूकडे आला. गल्लीत सगळ्यांत म्हातारा तोच, बोलण्यातही शेवटचा शब्द त्याचाच. तो म्हणाला, "तुझी सून काय खोदतेय?"

"शाळेचं काम आहे म्हणते."

"तू विश्वास ठेवतेस?"

विश्वास या गोष्टीची काकूला सवयच नव्हती.

तिनं वेगळंच काम अंगावर घेतलं. गल्लीच्या मागे एक अरुंद बोळ होता, सगळ्या मागच्या भिंती त्यात उघड्या पडलेल्या. ठिकठिकाणी गिलावा झिजून चिऱ्यांच्या कडा डोकवायला लागल्या होत्या. इतक्या सरळ कडा गरिबाच्या घराला नसतात. काकूनं चुना भिजवला, घमेली भरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोळ लिंपून काढला. कंबर मोडली, बोटं चुन्यानं फुटली, पण एक चिरा दिसत नव्हता. गल्लीतली माणसं बोळातून जाता जाता तिच्याकडे बघून मान हलवायची. तिला वाटलं, आपण गल्ली वाचवली.

तरी जीव राहवेना. मैदानात मोजणीवाले आले होते. तिपाईवर दुर्बीण, फिती, खुंट्या. काकू भाजीची पिशवी घेऊन तिथे गेली आणि एका तरुण मोजणीवाल्याशी उगाच गप्पा मारत उभी राहिली. कुठे शोधताय, कुणी काही सांगितलं का, मागच्या बाजूला पण येणार का. तो हसून "बघू" म्हणाला. आता या "बघू"चा अर्थ काय, या विचारात तिला त्या रात्री झोप लागली नाही.

चार दिवसांनी सरकारची माणसं आली. गल्लीच्या तोंडाशी थांबली नाहीत, कुठल्या दाराची कडी वाजवली नाही. सरळ बोळात शिरली आणि मागच्या भिंतींवर खडूनं खुणा करत निघाली. एकही घर चुकलं नाही. काकूच्या भिंतीवर दोन खुणा.

भिंत उघडली तेव्हा काकू अंगणात पाटावर बसून होती. आधी तिचाच गिलावा गळून पडला, ओला, मऊ. मग पहिला चिरा निघाला आणि माणसांनी तो सावकाश उलटा केला. कठड्यावर वेल होती आणि वेलीत बारकी पाखरं, एकेकाची मान वेगळ्या बाजूला. काकूनं हा दगड उभ्या जन्मात बघितला नव्हता. रोज त्याला पाठ लावून ती भाकऱ्या थापत आली होती. तिला रडू फुटलं. घर उघडं पडलं म्हणून का इतकी देखणी वस्तू आपण डोळ्यांआड कोंडून ठेवली म्हणून, हे तिलाही कळलं नाही.

मग रडण्याचा संताप झाला, आणि संतापाला माणूस लागतो. संध्याकाळी सून शाळेतून आली तेव्हा अख्खी गल्ली काकूच्या अंगणात जमलेली. मागची भिंत गेलेली, घराला लाकडी टेकू दिलेले, स्वयंपाकघरातून थेट बोळ दिसत होता. काकू सगळ्यांसमोर म्हणाली, "ये. बघ तुझ्या शाळेच्या कामाचं फळ."

सुनेला कळेना. "काय झालं आई? भिंत कुणी पाडली?"

"कुणी म्हणजे? तूच सांगितलंस त्यांना. वाड्याचे दगड आमच्या भिंतीत आहेत म्हणून."

सून त्या उघड्या भिंतीजवळ गेली. मग हळू आवाजात म्हणाली, "या भिंतीत वाड्याचे दगड होते?"

ती काकूकडे वळली.

"सहा वर्षं मी या घरात राहते. भिंतीत काय आहे ते तुम्ही मला आत्ता सांगताय. मग मी सांगणार काय होते, आणि कशाच्या जोरावर?"

पण काकू अडून बसली. म्हणाली, "तुला कळलं असेल. तू हुशार आहेस." आणि सुनेनं पुढे वाद घातला नाही. तिनं पलंगाखालची पुस्तकं काढली, दोन पिशव्या भरल्या आणि शाळेजवळ एका खोलीत राहायला गेली. बोटीवरून मुलाचा फोन आला तेव्हा काकूनं त्याला "ती मैत्रिणीकडे गेलीय" असं सांगितलं.

दगड न्यायला गाडी आली, तिच्यासोबत तो तरुण मोजणीवाला आला. काकूनं त्याला चहा दिला. चहा देऊन माणसाला बोलतं करायचं, ही तिची जुनी युक्ती. विचारलं, "आता सगळं झालंच आहे. एवढं सांग, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी सांगायला कशाला हवं, मावशी?" तो म्हणाला. "जाहीर झाल्यापासून आम्ही मैदानाभोवतीच्या सगळ्या गल्ल्या फिरलो. एकाच बोळात ताज्या चुन्याचा वास. आणि लिंपलेलं काय, तर फक्त मागच्या भिंती. पुढून घरांचे पोपडे लोंबतायत आणि मागे, जिथे काळं कुत्रं बघत नाही, तिथे नवाकोरा गिलावा. आम्ही काय डोळे मिटून फिरतो? काम मात्र फक्कड केलंय ज्यानं केलंय त्यानं."

हे काकूनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? सुनेकडे जावं असं रोज ठरवायची आणि रोज काहीतरी काम काढायची.

पण गल्लीचा संशय तिच्यासारखा एका माणसावर थांबणारा नव्हता. सून तर गेली, पण राग शिल्लक राहिला. मग कुणीतरी म्हणालं, सुनेला माहीत नव्हतं हे खरं वाटतं. मग माहीत कुणाला होतं? कोणत्या घरात काय आहे, हे सगळंच्या सगळं माहीत असलेलं माणूस गल्लीत एकच. कुणाला आठवलं, काकू मैदानात मोजणीवाल्याशी बोलत उभी होती. कुणाला आठवलं, काकूनं त्याला चहा पाजला. जिनं गल्लीला जन्मभर संशय शिकवला तिच्यावर तो उलटला. बायका तिला बघून दार लोटायला लागल्या. पाणी भरायला गेली की नळावरचं बोलणं थांबायचं.

शेवटी एका दुपारी मुकादमानं सगळ्यांना आपल्या ओसरीवर बोलावलं. सुनेलाही निरोप गेला. काकूला वाटलं ती येणार नाही. ती आली, शाळेतूनच, हाताला खडू लागलेला, आणि दाराशी उभी राहिली. मुकादम म्हणाला, "हे तुमच्याच घरातून फुटलंय. सासू नाहीतर सून. जी असेल तिनं सांगावं. तिला या गल्लीत जागा नाही, दुसरीला कुणी बोट लावणार नाही."

काकू उठणार, एवढ्यात सून म्हणाली, "मी सांगितलं."

सगळे वळले.

"मला आधीच कळलं होतं. शाळेत विषय निघाला, मी बोलून गेले. आईंचा काही संबंध नाही."

आणि अशा वेळी थापीकाकूच्या मनात पहिला विचार काय यावा? हिला यातून काय मिळणार आहे? हाच. घर नावावर करून हवंय, का मुलाला बोटीवरून बोलावून घ्यायचंय? तिनं तो विचार पुरता केला आणि मग तिला स्वतःचीच किळस आली. आपल्यात काहीतरी कुजलंय आणि ते आपणच वर्षानुवर्षं लिंपत आलो, हे तिला त्या ओसरीवर कळलं.

ती उभी राहिली. "खोटं बोलतेय ती. कुणीच सांगितलेलं नाही. मी बोळ लिंपला, त्या ओल्या गिलाव्यावरून त्यांनी ओळखलं. मोजणीवाल्यानं माझ्या तोंडावर सांगितलं. चूक माझी आहे. माझी आणि तुमची सगळ्यांची, मी लिंपत होते तेव्हा माना हलवत होतात तुम्ही."

ओसरीवर कुजबुज झाली. मग मुकादम हसला, प्रेमानंच हसला. "सासू आहेस, सुनेला पाठीशी घालणारच. चांगलं केलंस. पण गिलाव्यावरून वाडा ओळखला म्हणतेस, हे जरा जास्तच झालं."

काकूनं पुन्हा सांगितलं. शपथ घेऊन सांगितलं. एकानंही विश्वास ठेवला नाही. माणसं उठली, जाताना बायकांनी काकूच्या पाठीवरून हात फिरवला. तिची जागा गल्लीत शाबूत राहिली.

सून निघाली तशी काकू तिच्यामागून निघाली. मैदानाच्या कडेकडेनं दोघी चालल्या. तिकडे परांच्या बांधून झाल्या होत्या आणि सज्ज्याचं काम कमरेपर्यंत आलं होतं. दोघींनीही वर बघितलं नाही. शाळा मागे पडल्यावर सून म्हणाली, "खरंच ओल्या गिलाव्यावरून कळलं त्यांना?"

"खरंच."

सून थांबली. तिचा चेहरा एकदम उतरला.

"तू का अंगावर घेतलंस गं?" काकूनं विचारलं.

"मी मुलांना घेऊन मैदानावरून जात होते. तुम्ही त्या मोजणीवाल्याशी बोलताना दिसलात." सून खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच सांगितलंत."

"तुला असं वाटत होतं, आणि तरी?"

"मला कुठेही खोली मिळते, आई. या वयात तुम्हाला कोण दारात उभं करणार होतं?"

जन्मभर प्रत्येकाला प्रश्न विचारत आलेल्या त्या बाईला विचारायला एकही प्रश्न सुचेना. सुनेच्या खोलीचा जिना आला. सून दोन पायऱ्या चढली, काकू खालीच उभी राहिली.

"वर येऊ का?" तिनं विचारलं.

"जिन्यात अंधार आहे," सून म्हणाली, "जपून या."